गणपूर्ती

त्बिलिसीहून अकरा तास.
शेवटचे तीन जीपमध्ये, मांडीवर नियमावलीचा मसुदा.
वर स्वानेतीत पोचलो तर संग्रहालयाला कुलूप,
आणि कुलपाच्या तीन किल्ल्या, तीन घरांत.

पहिली मुर्झाकानकडे. तो गवत कापायला गेलेला.
दुसरी नेस्तानकडे. ती म्हणाली, आधी जेवा.
तिसरी ज्या घरात, ते घर
दुसऱ्या घराशी एकोणीस वर्षं बोलत नव्हतं.
"म्हणून तर सगळं जागेवर आहे," नेस्तान म्हणाली,
"तिघांनी मिळून चोरायचं
तर आधी तिघांचं जमायला नको?"

मी वहीत लिहिलं: प्रशासन मजबूत.
मग खोडलं.

रात्री लोखंडी चुलीभोवती बैठक.
विश्वस्त सात असावेत, मी म्हटलं, गणपूर्ती चार.
"हिवाळ्यात?"
हिवाळ्यात पलीकडच्या वस्तीचे पलीकडेच.
गणपूर्ती तीनवर आली. जानेवारीत दोन.
मार्चमध्ये कडे सुटतात बर्फाचे, तेव्हा एक,
आणि त्या एकाने ठराव मोठ्याने वाचायचा,
निदान भिंतींना कळावा.

हितसंबंधांचं कलम वाचलं:
नातेवाइकाच्या नेमणुकीवर मत देऊ नये.
हसता हसता बेकनूला ठसका लागला.
"मग मत द्यायला दर वेळी
तुम्हालाच यावं लागेल खालून."

पदं अडीच. तेवढाच निधी.
एक संचालक. एक नोंदपाल.
आणि उरलेल्या अर्ध्यात
चूल पेटवणं, छतावरचा बर्फ लोटणं,
पाहुण्यांना टोपी काढायला सांगणं,
उंदीर.
अर्धं पद कोपऱ्यातच बसलं होतं, पदराआड हात शेकत:
इव्लिते. चाळीस वर्षं बिनपदाची.
तिनं विचारलं, अर्धं म्हणजे कुठलं, सकाळचं की संध्याकाळचं?
बर्फ अर्धा पडत नाही, बाबा.

मग ते कलम:
दान दिलेली वस्तू परत मागता येणार नाही.
या वेळी कुणी हसलं नाही.

काचेमागे पाळणा. अक्रोडाचा,
कडेला कोरलेली सूर्याची चाकं,
उशाच्या दांडीवर दातांच्या खुणा.
नोंद क्रमांक सत्तेचाळीस.
"सत्तेचाळीस आमचा," इव्लिते म्हणाली.
"दर बाळाला नेतो. पुसून परत ठेवतो.
नातसुनेला नववा लागलाय.
तुमचं कलम कधीपासून लागू?"

माझ्याकडे उत्तरं होती. आर्द्रता. विमा. पायंडा.
उद्या दुसरा कुणी तलवार मागेल.
"मागेना का," मुर्झाकान म्हणाला,
"तलवारीसाठी कुणाचे दिवस भरत आलेले नसतात."

चुलीत कुणीतरी लाकूड सारलं.
मी मसुद्याची पानं मागेपुढे करत राहिलो,
जणू कुठल्यातरी पानावर हे आधीच लिहिलेलं असणार.

शेवटी नोंदपाल उठली. ताम्ता, बाविशीची पोर.
छापील अर्ज काढला, उसनवारीचा,
आणि एकेक रकाना मोठ्याने वाचत भरू लागली.
घेणाऱ्याचं नाव: अजून ठेवलेलं नाही.
वस्तूची स्थिती: चांगली. दातांच्या खुणा जुन्या, पाच जणांच्या.
परतीची तारीख:
पेन जरा थांबलं.
चालायला लागेल तेव्हा.

सकाळी किल्ल्या आल्या.
तिसरी, न बोलणाऱ्या घरची, एका पोराच्या मुठीत.
दुसऱ्या मुठीत लोकरीचं टोपडं.
निरोप काहीच नव्हता.

अर्धं पद अर्धंच राहिलं, ते मला जमलं नाही.
इव्लिते पगार अर्धा घेते, चूल पूर्ण पेटवते.

निधीवाल्यांचं पत्र आलंय:
क्रमांक सत्तेचाळीसच्या परतीचा दिनांक
अंकांत कळवावा.
दोन आठवडे टेबलावर पडून आहे.
काल ताम्ताचा फोन आला, रेघ तुटत तुटत:
गुडघ्यांवर आलंय,
चुलीपर्यंत जातं, आणि वळतं.